रुग्ण दुप्पट, मृत्यू पावपट: काकांच्या हिशेबात काय राहिलं?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. माझे काका (वय ६८) बँकेतून निवृत्त झाले, मुंबईत राहतात, आकड्यांत पक्के. घरच्या ग्रुपवर त्यांनी दोन जुनी कात्रणं टाकली. ४ एप्रिल २०२१ : मुंबईत ११,१६३ नवे रुग्ण, २५ मृत्यू. ७ जानेवारी २०२२ : २०,९७१ नवे रुग्ण, ६ मृत्यू. खाली लिहिलं, "रुग्ण दुप्पट आणि मृत्यू पावपट! एक तर रुग्ण खोटे, नाहीतर मृत्यू दडवलेले." मी शाळेत गणित शिकवते, तरी मला धड उत्तर देता आलं नाही. एप्रिल २०२१ मध्ये काकूंचे भाऊ बेड शोधता शोधता गेले, त्यामुळे काकांशी वाद घालताना जीभही अडते. आता ते माझ्या आईलाही (वय ७२, मधुमेह) सांगतात की कोरोना म्हणजे सर्दी, लस नि मास्क सगळं थोतांड होतं. आई त्यांचं ऐकते. डिसेंबरात कोल्हापूरला घरचं लग्न आहे, पाचशे माणसं. काकांना काय सांगू? आणि आईला लग्नाला पाठवू का? — मेघना (नाव बदललं आहे), कराड

प्रिय मेघना,

काकांची कात्रणं खरी आहेत आणि त्यांना पडलेला प्रश्नही खुळा नाही. जून २०२० मध्ये अमेरिकेत हाच प्रश्न वर्तमानपत्रांपासून विद्यापीठांपर्यंत सगळे विचारत होते. तेव्हा "एक तर हे, नाहीतर ते" एवढ्यावर काकांना सोडू नका. त्यांना अजून एक कात्रण द्या.

१ मे २०२१, महाराष्ट्र दिन. त्या दिवशी मुंबईत नवे रुग्ण ३,९०८ आणि मृत्यू ९०. आता काकांच्याच पद्धतीने भागाकार करा. ४ एप्रिलला शंभर रुग्णांमागे मृत्यू ०.२ आणि १ मे रोजी २.३. चार आठवड्यांत आजार दसपट घातक झाला का? विषाणू तोच, शहर तेच, दवाखाने तेच. काकांचा नियम खरा मानला तर मे महिन्यात रुग्ण दडवले गेले आणि एप्रिलमध्ये मृत्यू, असं म्हणावं लागेल. इतकी उलटसुलट लपवालपवी करायलाही महापालिकेत फार हुशार माणूस बसवावा लागला असता.

गोम भागाकारातच आहे. आजचे मृत्यू आजच्या रुग्णांतले नसतात. आळंदीहून आज किती वारकरी निघाले आणि आज पंढरपुरात किती पोहोचले, याचं गुणोत्तर काढून कोणी वारीचा हिशेब मांडत नाही, कारण मध्ये जवळपास तीन आठवड्यांची वाट आहे. (उपमा जरा धाडसी आहे खरी, पण तीन आठवड्यांचं माप नेमकं तेच.) कोविडमध्ये लागण झाल्यावर लक्षणं दिसायला काही दिवस, दम लागून भरती व्हायला आणखी आठवडाभर, आणि जे वाचत नाहीत त्यांचा मृत्यू साधारण दोन ते तीन आठवड्यांनी. त्यावर कागद पुढे सरकायला लागणारे दिवस वेगळेच. १ मेचे ९० मृत्यू एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातल्या गर्दीतले होते. ४ एप्रिलचे २५ हे मार्चमधल्या, त्यामानाने लहान आकड्यातले.

अमेरिकेला याच वाटेने चकवा दिला. एप्रिल २०२० मध्ये तिथे रोज सरासरी दोन हजारांहून जास्त माणसं मरत होती. जूनच्या मध्यापासून रुग्ण झपाट्याने वाढू लागले, दिवसाला वीस-बावीस हजारांवरून जुलैत साठ हजारांच्या पुढे गेले, आणि मृत्यू मात्र उतरतच राहिले, जुलैच्या सुरुवातीला पाच-सहाशेपर्यंत. कित्येकांनी जाहीर केलं की विषाणू दमला. ऑगस्ट उजाडेपर्यंत रोजचे मृत्यू पुन्हा हजाराच्या वर गेले होते. म्हणून रुग्ण चढत असताना पहिल्या दोन-तीन आठवड्यांतला "मृत्यू कमी" हा मथळा मी वाचते, पण त्यावर काहीच ठरवत नाही.

आता तुम्ही गणिताच्या शिक्षिका, तेव्हा लगेच म्हणाल की हे काकांच्या दुसऱ्या कात्रणाला लागू करून बघू. बघा. ७ जानेवारी २०२२ नंतर तीन आठवडे थांबलं तरी मुंबईतले रोजचे मृत्यू दहा-बाराच्या आसपासच राहिले. नव्वदीच्या जवळपासही गेले नाहीत. म्हणजे या लाटेत विलंबाने सगळं उलगडत नाही. घट खरी होती. मग ती आली कुठून?

आधी "रुग्ण खोटे" हे निकालात काढू. रुग्णसंख्या म्हणजे लागण झालेल्यांची संख्या नव्हे. लागण होऊन, चाचणी करून, नोंद झालेल्यांची ती संख्या. २०२० च्या सुरुवातीला किट मोजके, त्यामुळे चाचणी बहुतेक अत्यवस्थ माणसाच्या वाट्याला यायची आणि मृत्यूचं प्रमाण भयंकर दिसायचं. त्याच वर्षी जुलैत मुंबईच्या तीन वॉर्डांत रक्ताचे नमुने तपासले, तेव्हा झोपडपट्टीतल्या ५७ टक्के आणि बाकी वस्तीतल्या १६ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) सापडली. नोंदलेल्या रुग्णांच्या कित्येक पट माणसांना आजार होऊन गेला होता, बहुतेकांच्या नकळत. छेद एका फटक्यात एवढा वाढला की मृत्यूचं प्रमाण कोसळलंच, आणि तेही एकही जीव जास्त न वाचता. चाचण्या वाढल्या की असं होतं, आणि इथवर काकांचा संशय रास्त आहे.

पण जानेवारी २०२२ ला तो उलटा पडतो. तोवर औषधाच्या दुकानात घरी करायचं किट मिळू लागलं होतं. लोक घरीच तपासत, दोन रेघा दिसल्या की चार-पाच दिवस खोलीत बसत, आणि निकाल कुठे कळवतच नसत. (पुढे १० जानेवारीला आयसीएमआरने, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, सांगितलं की बाधिताच्या संपर्कात आलेल्यांनी, जोखीम जास्त नसेल तर, चाचणी करायची गरज नाही, तेव्हा त्यानंतरचे आकडे आणखी तोकडे.) म्हणजे २०,९७१ हा आकडा फुगलेला असण्यापेक्षा तोकडाच असण्याची शक्यता जास्त. खरे बाधित त्याहून कितीतरी अधिक असणार, आणि मग शंभर बाधितांमागचे मृत्यू कात्रणात दिसतात त्याहूनही कमी.

दुसरी गोष्ट वयाची. या आजारात वय जितकं बोलतं तितकं दुसरं काही बोलत नाही. लस यायच्या आधीच्या काळातला अंदाज असा : पंचविशीतल्या दहा हजार जणांना लागण झाली तर मृत्यू साधारण एक. पंचाहत्तरीतल्या दहा हजारांना झाली तर साडेचारशेच्या वर. लागण म्हाताऱ्यांकडून तरुणांकडे सरकली की रुग्ण तिप्पट होऊनही मृत्यू घटू शकतात. अमेरिकेतल्या त्या उन्हाळ्यात हेच चाललं होतं. फ्लोरिडात मार्चमध्ये बाधितांचं मध्यक वय (निम्मे बाधित ज्याहून लहान, निम्मे मोठे) साठीच्या पुढे होतं, ते जूनमध्ये पस्तिशी-छत्तिशीवर आलं. बार उघडले, समुद्रकिनारे उघडले, पोरंसोरं बाहेर पडली. पण तरुण माणूस रात्री घरी जातो आणि घरी आजी असते. तरुणांतली लाट काही आठवड्यांत वरच्या वयात चढते. अशा वेळी मृत्यूंचा एकच आकडा पाहून काही कळत नाही, साठीच्या पुढच्या बाधितांचा आलेख मागवायचा. आपल्याकडच्या दैनंदिन पत्रकांत तो ठळक छापला असता तर बरेच वाद मिटले असते.

तिसरी गोष्ट उपचारांची, आणि ती थोडक्यात, कारण आकड्यांच्या या भांडणात तिचा वाटा लोकांना वाटतो त्याहून लहान आहे. १६ जून २०२० ला ब्रिटनमधल्या रिकव्हरी नावाच्या औषध-चाचणीचा निकाल जाहीर झाला. डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त स्टेरॉईड दिल्याने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू तिसऱ्या हिश्श्याने घटले, ऑक्सिजनवरच्यांतले पाचव्या हिश्श्याने. ज्याला ऑक्सिजनची गरज नाही त्याला काही फायदा नाही, हे त्याच निकालात होतं आणि आपल्याकडे सोयीस्कर विसरलं गेलं. शिवाय औषध माहीत असून भागत नाही, खाट लागते. एप्रिल २०२१ मध्ये तेच डॉक्टर आणि तीच औषधं होती, पण राज्याची ऑक्सिजनची गरज दिवसाला सतराशे टनांच्या पुढे गेली. रुग्णालय ओसंडलं की एरवी वाचणारा माणूसही जातो. तुमच्या काकूंचे भाऊ कोणत्या टक्केवारीत बसतात हे काकांना कोणी सांगू नये, पण ती टक्केवारी त्या पंधरवड्यात का वाढली याचं कारण हे आहे.

आणि आता मुख्य गोष्ट, जिच्यावर काका थोतांड असा शिक्का मारून मोकळे झाले. लस आणि आधी होऊन गेलेली लागण, या दोन्हींतून मिळणारं संरक्षण दोन थरांचं असतं. नाका-घशात विषाणूला दारातच अडवणारी प्रतिपिंडं काही महिन्यांत ओसरतात. जानेवारी २०२२ च्या लाटेतल्या ओमायक्रॉनसारखा रूप बदललेला विषाणू आला की ती आणखी फसतात. त्यामुळे "दोन डोस घेऊनही झालाच की" ही तक्रार घरोघरी होती आणि ती खरी होती. पण आत दुसरा थर असतो. एकदा शत्रू ओळखलेल्या पेशी वर्षानुवर्षं आठवण ठेवतात आणि विषाणू फुप्फुसात खोल पोचायच्या आत जाग्या होतात. पहिला थर फाटला की रुग्ण वाढतात. दुसरा शाबूत असला की मृत्यू वाढत नाहीत. काकांची दोन कात्रणं शेजारी ठेवली की बहुतांशी हेच दिसतं.

४ एप्रिल २०२१ ला देशात ४५ वर्षांपुढच्या सर्वांसाठी लसीकरण सुरू होऊन चारच दिवस झाले होते. पंचेचाळिशीच्या आतल्या सर्वसामान्यांसाठी ते १ मेपासून खुलं व्हायचं होतं. जानेवारी २०२२ उजाडेपर्यंत देशात शंभर कोटी मात्रांचा टप्पा मागे पडून अडीच महिने होत आले होते. आणि ज्यांनी लस घेतली नव्हती त्यांतल्या अनेकांना दुसऱ्या लाटेने फार महाग दराने प्रतिकारशक्ती दिली होती.

यात ओमायक्रॉनच्या स्वभावाचाही वाटा होता, हे काकांच्या बाजूने सांगायला हवं. हाँगकाँग विद्यापीठातल्या प्रयोगात तो श्वासनलिकेच्या पेशींत डेल्टाच्या (त्याच्या आधीच्या रूपाच्या) सत्तरपट वेगाने वाढताना दिसला, पण फुप्फुसाच्या पेशींत मूळ विषाणूच्या दहाव्या हिश्श्यानेही नाही. पसरायला जलद, खोल शिरायला मंद. मग सगळं श्रेय विषाणूलाच का देऊ नये? कारण त्याच हाँगकाँगमध्ये पुढे काय झालं ते पाहा.

७४ लाखांचं शहर. पहिली दोन वर्षं त्यांनी विषाणूला वेशीवरच थोपवलं, एकूण मृत्यू दोनशेच्या थोडे वर. त्यामुळे लागणीतून आलेली प्रतिकारशक्ती जवळपास कोणालाच नाही. आणि लशीची भीती इतकी की ती तरुणांनी घेतली, म्हाताऱ्यांनी नाही. ओमायक्रॉन शिरला तेव्हा ऐंशीच्या पुढच्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी जणांचे दोन डोस झाले होते. फेब्रुवारी-मार्च २०२२ मध्ये त्या शहराचा दररोजचा मृत्यूदर लोकसंख्येच्या मानाने जगात सर्वाधिकांत गेला. काही महिन्यांत सुमारे नऊ हजार माणसं गेली, बहुतांश वृद्ध, त्यातही बहुतांश लस न घेतलेले. ओमायक्रॉन तोच. सौम्य म्हणवलेला. काकांना एकच उदाहरण पाठवायचं असेल तर हे पाठवा. लिंका वीस पाठवू नका.

राहिला "मृत्यू दडवले" हा आरोप. तो झटकून टाकू नका, कारण त्यात तथ्य आहे. १६ जून २०२० ला आपल्याच राज्याने आधी न मोजलेले १,३२८ मृत्यू एका दिवसात यादीत घातले, त्यांतले ८६२ मुंबईचे. जून २०२१ मध्ये बिहारचा आकडा एका रात्रीत साडेपाच हजारांच्या आसपास होता तो ९,४२९ झाला. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये अंदाज दिला की २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत भारतात नेहमीपेक्षा सुमारे ४७ लाख मृत्यू जास्त झाले. सरकारी नोंद होती ४.८ लाखांची. केंद्र सरकारने त्या पद्धतीवर जोरदार आक्षेप घेतला, आणि वाद शिल्लक आहे. मला स्वतःला सरकारी आकडा खूपच तोकडा वाटतो.

पण हा मुद्दा काकांच्या निष्कर्षाला हातभार लावत नाही, उलट त्याचा पाया काढून घेतो. दडवादडव सर्वांत जास्त कधी झाली असेल? स्मशानात रांगा होत्या, दाखले लिहायला माणूस नव्हता, तेव्हा. म्हणजे दुसऱ्या लाटेत. तिथले मृत्यू खऱ्या संख्येने वाढवा, की दुसऱ्या आणि तिसऱ्या लाटेतली दरी आणखी रुंद होते. आणि मृत्यूचा दाखला चुकला तरी खाट चुकत नाही. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईतल्या बहुतेक खाटा रिकाम्या होत्या. राज्याने निर्बंधांची कसोटी म्हणून रुग्णसंख्येऐवजी ऑक्सिजनची मागणी धरली होती, दिवसाला ७०० टन. आरोग्यमंत्री राजेश टोपे ते वारंवार सांगत होते. ती रेघ ओलांडायची वेळच आली नाही. प्राणवायूचा टँकर लपवता येत नाही.

एक गोष्ट मात्र काकांना जरूर दाखवा, ती त्यांनाही पटेल. मुंबईत रुग्ण दुप्पट झाले, पण देशात नाही. देशाचा उच्चांक मे २०२१ मध्ये एका दिवसात ४,१४,१८८ आणि जानेवारी २०२२ मध्ये ३,४७,२५४. त्या दोन दिवसांच्या पत्रकांत मृत्यू अनुक्रमे ३,९१५ आणि ७०३. (त्याच दिवसाचे मृत्यू त्याच दिवसाच्या रुग्णांशेजारी ठेवायचे नाहीत, हे आता काकाच तुम्हाला सांगतील.) ७०३ हा आकडा सर्दीचा नाही. प्रमाण लहान असलं तरी ते प्रचंड संख्येला लागलं की रोज एक गाव भरेल एवढी माणसं जातात.

तुमच्या काकांबद्दल दोन शब्द, आकडे सोडून. त्यांच्या संदेशात मला हिशेब कमी आणि राग जास्त दिसतो. ज्याच्या घरचा माणूस बेड शोधताना गेला, त्याला नऊ महिन्यांनी "या वेळी सौम्य आहे, घाबरू नका" ऐकून काय वाटलं असेल? सगळं खोटं होतं असं म्हणणं सोपं पडतं, कारण मग त्या मृत्यूचा दोष कोणावर तरी ठेवता येतो. म्हणून ग्रुपवर पाच-पन्नास जणांसमोर त्यांना खोडून काढू नका. फोन करा, दुपारी, काकू जवळ असताना नको. आधी मान्य करा की मृत्यू कमी मोजले गेले आणि खाटा नव्हत्या. मग १ मेचं कात्रण द्या आणि विचारा, "काका, हा हिशेब मला जमत नाही, बघता का?" बँकेत आयुष्य काढलेला माणूस आहे, न जुळणारा ताळेबंद त्यांना झोपू देणार नाही. पटलं नाही तरी चालेल. तुमचं खरं काम काकांचं मत बदलणं नाही, आईची औषधं आणि लस त्या मतावर अवलंबून राहणार नाहीत एवढं पाहणं आहे. आईला तिच्या मधुमेहाच्या डॉक्टरांकडूनच हे ऐकू द्या. लेकीपेक्षा दीर मोठा, पण दिरापेक्षा साखर तपासणारा डॉक्टर मोठा, निदान त्या खोलीत.

आईच्या बाबतीत काकांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ ला जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं, आणि आज बहुतेकांना हा आजार सर्दी-तापासारखाच जातो. पण तो "बहुतेकांना" हा शब्द सगळ्या वयांची सरासरी आहे, आणि बहात्तर वर्षांची मधुमेही बाई त्या सरासरीच्या मध्यावर बसत नाही. मृत्यू घटले ते लोकसंख्येचे. तिची स्वतःची जोखीमही घटली आहे, तिने आधी घेतलेल्या मात्रांमुळे आणि होऊन गेलेल्या लागणीमुळे, पण तुमच्या जोखमीइतकी खाली आलेली नाही.

तेव्हा लग्नाला पाठवा. बाईने घरचं लग्न चुकवावं एवढं काही आज नाही, आणि घरात कोंडून ठेवण्याचेही आजार असतात. जायच्या महिनाभर आधी फ्लूची लस द्या आणि कोविड लशीची पुढची मात्रा तिला हवी का, हे त्याच भेटीत विचारा. साखर आत्तापासून आटोक्यात आणा, त्याचा उपयोग सगळ्याच आजारांत होतो. त्या आठवड्यात खोकल्या-तापाची साथ जोरात असेल तर बंद हॉलमध्ये मास्क लावू द्या, जेवण उघड्या मांडवात असेल तर तिथे बसवा, आणि शिंकणाऱ्या नातवंडांचे मुके दोन दिवस उधार ठेवायला सांगा. परत आल्यावर ताप किंवा घसा धरला तर "बघू दोन दिवस" नको. त्याच दिवशी चाचणी आणि डॉक्टरांना फोन, कारण विषाणूवरची औषधं लक्षणं सुरू झाल्यापासून पहिल्या पाच दिवसांतच द्यावी लागतात. घरात ऑक्सिमीटर असेलच, त्याचे सेल बदलून ठेवा. आकडा ९४ च्या खाली आला, किंवा आकडा बरा असूनही बोलताना दम लागला, तर रात्र काढू नका. मधुमेह असल्याने स्टेरॉईडची गोळी कोणाच्या सांगण्यावरून घरी सुरू करायची नाही, काकांच्या तर नाहीच.